बटणातला दिवा आणि माझ्या प्रबंधातलं एक चुकलेलं वाक्य



पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि 'संशोधन पद्धती' या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं ते सुचत नाहीये, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. मीही होते. तेव्हा मी 'ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धती' असं लिहून मोकळी झाले होते. समितीनेही काही विचारलं नाही. तीन वर्षांनी त्याच ओळीने मला अडवलं. ते कसं, ते आज सांगते.

माझा विषय आहे हातात धरायच्या विजेच्या दिव्यांचा इतिहास. घरात आपण ज्याला 'बॅटरी' म्हणतो, ती. तिसऱ्या प्रकरणात गेल्या काही वर्षांत हौशी लोक घरी बसून बॅटऱ्यांमध्ये जे बदल करतात त्यावर एक भाग आहे. त्यातला एक बदल असा: बॅटरीच्या शेपटीला जे दाबायचं बटण असतं, त्याच्या रबरी टोपीखाली एक बारीक एलईडी बसवायचा. बॅटरी बंद असताना तो मंद चमकतो, चालू केली की विझतो. मी लिहिलं होतं, "बटणातला दिवा ही मुख्यतः हौशी सजावट असून वापराच्या दृष्टीने तिचं महत्त्व नगण्य आहे."

गाईड मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात लिहिलं: "कशावरून? तू लावून पाहिलास का?"

मला आधी रागच आला. मी इतिहासाची विद्यार्थिनी, सोल्डरिंगची नाही. पण 'कशावरून' या शब्दाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. माझ्याकडे आकृत्या होत्या, फोटो होते, सर्किटचे आराखडे होते. वस्तू नव्हती, आणि ती वापरणारा माणूस तर नव्हताच.

आधी शब्दाकडे बघा

कुठल्याही वस्तूचा इतिहास लिहिताना सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे तिचं नाव. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, या वस्तूला 'फ्लॅशलाइट' म्हणतात. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणं. ब्रिटनमध्ये 'टॉर्च', म्हणजे मूळ अर्थाने मशाल. मराठीत शुद्ध शब्द 'विजेरी', पण तो पाठ्यपुस्तकात जास्त आणि तोंडी कमी. तोंडी आपण म्हणतो 'बॅटरी', आणि जिला इंग्रजीत बॅटरी म्हणतात तिला म्हणतो 'सेल'. "बॅटरीतले सेल संपले" हे आपलं अगदी नेहमीचं वाक्य.

म्हणजे अमेरिकन नावात दिव्याचं वागणं आहे, ब्रिटिश नावात जुन्या दिव्याची आठवण आहे आणि आपल्या नावात आतली ऊर्जा आहे. हे निव्वळ गमतीचं नाही. सेल संपलाय का, किती उरलाय, ही चिंता आपल्याकडे त्या वस्तूच्या नावातच येऊन बसली आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

भारतात सेल म्हटलं की बहुतेकांना एव्हरेडी आठवतं. ही भारतीय कंपनी १९३४ साली स्थापन झाली, १९५९ मध्ये तिचं नाव युनियन कार्बाइड इंडिया झालं. होय, तीच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून वायू सुटला तो याच कंपनीचा. घराघरांतल्या सेलचा इतिहास कंपनीच्या कागदांमधून शोधायला गेलं की ही रात्र मध्ये येतेच. वस्तू लहान असली म्हणून तिचा इतिहास लहान नसतो.

१८९९: दाबा आणि सोडा

आता सुरुवातीकडे. फ्रान्सच्या जॉर्जेस लक्लांशेने १८६६ साली केलेला सेल ओला होता. काचेच्या भांड्यात द्रव. तो खिशात घालून फिरता येत नव्हता. जर्मनीच्या कार्ल गास्नरने १८८६ मध्ये द्रवाऐवजी घट्ट लगदा वापरून 'कोरडा' सेल केला. १८९६ मध्ये अमेरिकेत नॅशनल कार्बन कंपनीने असे कोरडे सेल लोकांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. आणि १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या न्यू यॉर्कमधल्या ब्रिटिश संशोधकाला अमेरिकेचं ६१७५९२ क्रमांकाचं पेटंट मिळालं. कागद आणि फायबरची नळी, तिच्यात एकामागे एक सेल, पुढच्या टोकाला बल्ब आणि पितळी परावर्तक. पेटंटचे हक्क कॉनराड ह्यूबर्टच्या अमेरिकन इलेक्ट्रिकल नॉव्हेल्टी अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीकडे होते. ह्यूबर्ट हा मिन्स्कहून १८९१ मध्ये आलेला स्थलांतरित, मूळ नाव अकिबा होरोविट्झ.

इथे एक सापळा आहे. बऱ्याच लोकप्रिय पुस्तकांत तुम्हाला वेगळीच गोष्ट सापडेल: खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांसाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या जोशुआ लायनेल कॉवेनने कुंडीतली रोपं उजळवणारा दिवा केला, तो धंदा ह्यूबर्टला दिला आणि ह्यूबर्टने त्याची बॅटरी केली. गोष्ट छान आहे, पण पेटंटवर नाव मिसेलचं आहे. अशी 'जन्मकथा' हाती आली की दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी आणि कधी सांगितली? ती सांगून कोणाचा फायदा झाला? कथा टाकून देऊ नका. ती का टिकली हाही इतिहासच आहे. फक्त तिला पुराव्याच्या रांगेत बसवू नका.

पहिल्या बॅटऱ्या 'फ्लॅश' का? त्या वेळी बल्बात कार्बनची तार होती. ती पुष्कळ वीज खाऊन थोडा प्रकाश देई. सेलही दमत. सतत वीज ओढली की आत हायड्रोजन साठे, दाब उतरे आणि थोडी विश्रांती दिली की सेल पुन्हा सावरे. म्हणून बोटाने संपर्क दाबून धरायचा, क्षणभर बघायचं आणि सोडायचं. बटण 'लावून ठेवणं' ही सोयच नव्हती, आणि असती तरी परवडली नसती. पुढे टंगस्टन आलं. विल्यम कूलिजने १९१० मध्ये ते ओढून बारीक तार करण्याजोगं बनवलं. सेलही सुधारले. मग सरकवायचं बटण आलं, आणि 'क्षणभर' मागे पडून दिवा 'सतत' झाला.

गंमत अशी की आजच्या महागड्या शेपटीच्या बटणांत एक प्रकार असतो ज्यात अर्धवट दाबलं की दिवा क्षणभर लागतो आणि सोडलं की विझतो. १८९९ ची सवय सव्वाशे वर्षांनी परत. तेव्हा ती मजबुरी होती, आता ती सोय आहे. इतिहास म्हणजे एकामागून एक सुधारणा अशी सरळ रेघ नसते, हे सांगायला एवढं एक बटण पुरतं.

अंधारात दिवा शोधायचा कसा?

बटणातल्या दिव्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. बॅटरी अंधारात लागते, आणि अंधारात ती सापडत नाही. दिव्याला शोधायला दिवा हवा. या प्रश्नाला विसाव्या शतकात निदान चार उत्तरं दिली गेली. प्रत्येक उत्तराची किंमत कोण मोजतं ते बघा.

पहिलं, रेडियमचा रंग. स्वतःच चमकणारा. घड्याळांच्या तबकड्या, दिव्याच्या दोऱ्यांची लोंबती टोकं अशा अंधारात शोधायच्या गोष्टींवर तो लावला गेला. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तो लावणाऱ्या तरुण मुलींना ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं होतं. त्यांचे जबडे झिजले, अनेक जणी मेल्या. पाच जणींनी केलेल्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. इथे किंमत कामगाराच्या हाडांनी मोजली.

दुसरं, ट्रिटियम. काचेच्या बारीक नळीत भरलेला किरणोत्सारी वायू, आतल्या लेपाला चमकवत ठेवणारा. अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं. म्हणजे एका तपानंतर प्रकाश निम्मा. सेल लागत नाही. किंमत वेळ मोजतो.

तिसरं, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट. जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ मध्ये काढलेलं हे चूर्ण किरणोत्सारी नाही, प्रकाश पिऊन तासन् तास चमकतं. पण त्याला आधी प्रकाश मिळायला हवा. बॅटरी दिवसभर कपाटात पडून असेल तर ते रात्री उपाशीच.

चौथं, आपला एलईडी. किंमत मोजतो सेल, थेंब थेंब.

भिंतीवरचं बटण आधी का उजळलं?

भिंतीवरच्या काही बटणांत बारीक नारिंगी ठिपका असतो, बटण बंद असताना चमकणारा. तो निऑनचा दिवा. असा छोटा निऑन दिवा जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल मॅकफार्लन मूरने १९१७ मध्ये केला. तो पेटायला साधारण ९० व्होल्ट लागतात. घरच्या २३० व्होल्टला हे सोपं. दोन सेलच्या ३ व्होल्टच्या बॅटरीला अशक्य. म्हणून भिंत उजळली आणि बॅटरी अंधारात राहिली. १९६२ मध्ये निक होलोन्याकने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला. त्याला १.८ व्होल्टच्या आसपास पुरतात. म्हणजे कागदावर पाहिलं तर पहिल्या लाल एलईडीबरोबरच बॅटरीच्या बटणात दिवा बसवणं शक्य झालं होतं. पण शक्य असणं आणि लोकांना हवं असणं यात अंतर असतं. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे २००६ चं पुस्तक याच मुद्द्यावर उभं आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखांवरून नाही, वापरावरून लिहा. ते पुस्तक मी वाचलं होतं, संदर्भसूचीत टाकलंही होतं. आणि तरी 'सजावट' लिहिलं.

मी बटण बनवलं

तर मी तपकीर गल्लीत गेले. लाल एलईडी, काही रेझिस्टर, बारीक वायर आणि पाठीमागे बटण असलेली, एका १८६५० सेलची एलईडी बॅटरी घेतली. बटणावरची काळी रबरी टोपी काढून अर्धपारदर्शक टोपी बसवायची होती; तीही मिळाली. सोल्डरिंग गन मैत्रिणीची. एक सूचना आधीच देते: लिथियमचा सेल बाहेर काढल्याशिवाय आतल्या कशालाही सोल्डर मारू नका, आणि सेलवर तर कधीच नाही. चुकून शॉर्ट झाला तर तो पेट घेऊ शकतो.

रचना समजायला सोपी आहे. बॅटरीत वीज सेलच्या पुढच्या, धन टोकातून निघते, डोक्यातल्या दिव्यातून जाते, मग नळीच्या धातूतून मागे येते, शेपटीच्या बटणातून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून सेलच्या ऋण टोकाकडे. बटण बंद म्हणजे शेवटचा पूल उघडा. या उघड्या पुलाला समांतर एक अरुंद साकव टाकायचा: एलईडी आणि त्याच्याबरोबर ओळीत एक रेझिस्टर. बटण बंद असताना अगदी थोडी वीज साकवावरून जाते आणि एलईडी चमकतो. बटण चालू केलं की सगळी वीज मोठ्या पुलावरून जाते, एलईडीला काही उरत नाही आणि तो विझतो. वेगळं बटण नको, वेगळा सेल नको.

सरावासाठी मी आधी घरातली जुनी, दोन सेलची, तारेच्या बल्बची प्लॅस्टिकची बॅटरी घेतली. सरकत्या बटणाच्या दोन पट्ट्यांना एलईडी आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडला. पहिल्याच फटक्यात लागला. बटण सरकवलं, मोठा दिवा लागला, छोटा विझला. उलट केलं, उलट झालं. मी खूष. मनात म्हटलं, यात संशोधन करण्यासारखं आहे काय?

मग तीच जोडणी एलईडी बॅटरीच्या शेपटीत केली. इथे आधी हिशोब केला होता. सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट, लाल एलईडी साधारण १.८ खातो, उरले २.४. रेझिस्टर १ किलोओहमचा घेतला तर २.४ मिलिअँपिअर, ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल १२५० तासांत, म्हणजे ५२ दिवसांत रिकामा. न वापरता! म्हणून १० किलोओहम घेतला. एलईडीची तारेकडची बाजूही नीट बघून जोडली: धन पाय नळीकडे, ऋण पाय स्प्रिंगकडे.

एलईडी लागला, पण बॅटरी बिघडली. या बॅटरीत बटण अर्धवट दाबलं की प्रकाश बदलतो: मंद, मध्यम, प्रखर. ते बंदच झालं. दाबा, सोडा, काही नाही. आहे तोच प्रकाश. जोडणी काढली, ठीक. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. दोन संध्याकाळी यात गेल्या. सोल्डर कच्चा आहे म्हणून तीनदा मारला. स्प्रिंग ताणली. टोपी बदलली. आराखड्यात दाखवल्याप्रमाणेच तर सगळं होतं!

चुकलं कुठे

उत्तर सापडलं ते हॉस्टेलच्या खोलीत. आमच्याकडे जुना तारेचा बल्ब काढून एलईडी बल्ब लावला तेव्हापासून, बटण बंद केलं तरी तो रात्री मधूनच लुकलुकतो. वॉर्डन बाईंना सगळ्या मुलींनी सांगून झालंय. बटणात निऑनचा ठिपका आहे. त्या रात्री छताकडे बघत पडले असताना लक्षात आलं: ही तर माझीच बॅटरी.

बघा कसं. निऑनच्या ठिपक्यातून एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी वीज जाते, आणि ती पुढे बल्बातून जाऊनच वाट पूर्ण करते. जुन्या बल्बात टंगस्टनची तार होती. थंड असताना तिचा रोध तापलेल्या अवस्थेच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. एवढीशी वीज तिच्यातून निमूट निघून जाई, कोणाला पत्ता लागत नसे. एलईडी बल्बात मात्र आधी इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. ते ही वीज कपॅसिटरमध्ये साठवतं, भरलं की एकदम सोडतं. म्हणून लुकलुक.

माझ्या जुन्या बॅटरीत तारेचा बल्ब होता, म्हणून साकव लगेच चालला. नव्या बॅटरीच्या डोक्यात ड्रायव्हर आहे, त्यात मायक्रोकंट्रोलर आहे. बटण अर्धवट दाबलं की क्षणभर वीज तुटते, आणि त्या तुटण्यावरून तो ओळखतो की प्रकाश बदलायचाय. माझ्या साकवामुळे वीज पुरती तुटतच नव्हती. ड्रायव्हरवर दोनएक व्होल्ट शिल्लक राहत होते, आणि तेवढ्यावर तो अर्धवट जागा राहत होता. जो झोपलाच नाही त्याला जागं झाल्याचं कसं कळणार?

उपाय म्हणजे ड्रायव्हरच्या धन-ऋण टोकांमध्ये आणखी एक रेझिस्टर. त्याला 'ब्लीडर' म्हणतात, साठलेली वीज वाहून नेणारा. मी ५६० ओहमचा लावला. आता बंद असताना साकवावरून ०.२३ मिलिअँपिअर वाहतात आणि ड्रायव्हरवर उरतात फक्त ०.१३ व्होल्ट. तो गाढ झोपतो. प्रकाश नीट बदलू लागला. चालू असताना हा ब्लीडर ७.५ मिलिअँपिअर फुकट खातो. मुख्य दिवा एक अँपिअर घेत असेल तर पाऊण टक्का. आणि बंद बॅटरीतला सेल या मंद दिव्यावर साधारण दीड वर्ष टिकतो.

आता खरी लाज वाटायची गोष्ट. हा ब्लीडर माझ्याकडच्या आकृत्यांत होता. डोक्याच्या भागात, वेगळ्या पानावर. मी तो पाहिला होता आणि "शेपटीशी संबंध नाही" म्हणून सोडून दिला होता. कागदावर बटण एका पानावर होतं आणि ड्रायव्हर दुसऱ्या. हातात घेतल्यावर कळलं की शेपटीत केलेल्या बदलाचं उत्तर डोक्यात द्यावं लागतं.

आणि हेच इतिहासाचं वाक्य आहे, सजावटीचं नाही. तारेचा दिवा आपल्या भोवतीच्या कितीतरी गोष्टी गुपचूप सांभाळून घेत होता. भिंतीवरचं निऑनचं बटण त्याच्या जिवावर चालत होतं, आणि हे कोणालाच माहीत असण्याची गरज नव्हती. तो गेल्यावर त्याचं न दिसणारं काम उघडं पडलं. एखादं तंत्र बदलतं तेव्हा जुनं तंत्र काय काय सांभाळत होतं, ते बिघाडातून कळतं. माझ्या प्रकरणात आता यावर सहा पानं आहेत.

हे 'संशोधन' आहे का?

हो. त्याला नावही आहे. जुने प्रयोग पुन्हा करून बघणं ही विज्ञानाच्या इतिहासातली मान्य पद्धत आहे. १८४० च्या दशकात जेम्स जूलने पाण्यात वल्ही फिरवून कामाचं उष्णतेत रूपांतर मोजलं. जर्मन इतिहासकार ओटो सिबुम यांनी तो प्रयोग पुन्हा उभा केला. त्यावरचा त्यांचा लेख १९९५ चा आहे. त्यांना आढळलं की प्रयोग करणाऱ्याच्या शरीराची उष्णतासुद्धा मोजमाप बिघडवते. मग प्रश्न आला, जूलला हे जमलं कसं? जूल मद्य बनवणाऱ्या घराण्यातला. तिथे तापमान बारकाईने राखण्याची सवय होती. हे कौशल्य त्याच्या शोधनिबंधात लिहिलेलं नव्हतं. प्रयोग करताना ते शोधावं लागलं.

दुसरं उदाहरण हॅरी कॉलिन्स यांचं, १९७४ चं. एका प्रकारचा लेझर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत कसा बनला याचा त्यांनी माग काढला. फक्त छापील माहितीवरून कोणालाच तो चालवता आला नाही. ज्यांचा आधी बनवलेल्या लोकांशी संपर्क होता त्यांनाच जमलं. ज्ञानाचा एक भाग हातात असतो, कागदावर उतरत नाही. मराठीत आपण 'हाताला वळण लागणं' म्हणतो ते हेच.

मग घरी गेले

पण बॅटरी चालली याचा अर्थ 'सजावट नाही' असं सिद्ध होत नाही. मॅडमचा प्रश्न अजून अर्धा बाकी होता: वापराच्या दृष्टीने नगण्य, कशावरून?

आमचं घर जुन्नर तालुक्यात. पंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. म्हणजे अण्णांनी रात्री बारा-एकला उठायचं आणि बॅटरी घेऊन शेतात जायचं. उसात बिबट्या असतो, बांधावर साप. मी बॅटरी त्यांना दिली आणि म्हटलं, "अण्णा, ही अंधारात लगेच सापडेल."

अण्णा म्हणाले, "सापडायला हरवते कुठं? दाराच्या खिळ्याला असते."

मी गप्प. तीस वर्षं बॅटरी त्या खिळ्याला आहे. अंधारात हात बरोबर तिथेच जातो. माझ्या चार उत्तरांच्या यादीत हे पाचवं नव्हतंच, आणि ते सगळ्यात जुनं आणि फुकटातलं आहे. वाटलं, माझं वाक्य बरोबरच होतं की काय.

आई चुलीपाशून म्हणाली, "आणि पोरांनी खिळ्यावरनं काढली की मग? परवा गोठ्यात सापडली ना."

मी बॅटरी तिथेच ठेवून पुण्याला आले. पंधरा-वीस दिवसांनी फोनवर अण्णा सहज म्हणाले, "तुझ्या बॅटरीचा मागचा दिवा मंद झाला होता, म्हणून जायच्या आधी चार्जिंगला लावली."

मी दोनदा विचारलं. अण्णा तो दिवा बॅटरी शोधायला वापरतच नव्हते. संध्याकाळी जेवताना खिळ्याकडे बघायचे आणि रात्रीपुरता सेल आहे का ते ठरवायचे. मी लगेच हिशोब केला. सेल ३ व्होल्टवर आला की रेझिस्टरला १.२ उरतात, म्हणजे ०.११ मिलिअँपिअर. भरलेल्या सेलच्या निम्मे. रोज बघणाऱ्या डोळ्याला हा फरक कळतो. सुरुवातीचा शब्द आठवा: आपण तिला 'बॅटरी' म्हणतो. शेताच्या मध्यावर दिवा गेला तर काय, हीच खरी चिंता, आणि अण्णांनी त्या दिव्याला त्याच कामाला लावलं. आराखडा काढणाऱ्याने लिहिलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. वापरणाऱ्याने ठरवलं.

प्रकरणातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी लिहिलं की बटणातल्या दिव्याचा अर्थ वस्तूत ठरत नाही, तो घरात, खिळ्यापाशी ठरतो. मॅडमनी या वेळी समासात फक्त बरोबरची खूण केली. अर्थात एका घरावरून मी निष्कर्ष काढत नाहीये. त्या एका फोनने मला प्रश्न बदलायला लावला. आता रात्रपाळीच्या गावांत मुलाखती घेण्याची परवानगी मागितली आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'संशोधन पद्धती' लिहिताना एवढं करून बघा.

एक: तुमच्या आराखड्यातलं, सगळ्यात कमी पुरावा असलेलं आणि तरी सगळ्यात ठाम वाटणारं एक वाक्य शोधा. 'मुख्यतः', 'केवळ', 'नगण्य' हे शब्द जिथे असतात तिथे ते बहुधा सापडतं.

दोन: विषय वस्तूचा असेल तर ती हातात घ्या, शक्य असेल तर बनवा, मोडा, दुरुस्त करा. आणि नोंदवही ठेवा. माझ्या बिघडलेल्या दोन संध्याकाळींची नोंद मी केली नसती तर सहा पानं आली नसती. बिघाड हा पुरावा आहे, त्याला तारीख घाला.

तीन: कागद काय सांगतो आणि कशासाठी लिहिला गेला, हे वेगळं ठेवा. पेटंट हक्क सांगतं, वापर सांगत नाही. जाहिरात इच्छा सांगते. आकृती जोडणी सांगते, पण कुठलं पान कुठल्या पानाशी बोलतं ते सांगत नाही.

चार: वापरणाऱ्याला "हे उपयोगी आहे का?" असं विचारू नका. उत्तर हो किंवा नाही येतं आणि विषय संपतो. वस्तू त्याच्याकडे ठेवा आणि पंधरा दिवस थांबा.

आणि समासात 'कशावरून?' असं लिहिणारं माणूस भेटलं तर रागावून घ्या, पण पान फाडू नका. माझं ते पान मी अजून जपून ठेवलंय.

पुढच्या वेळी सिनॉप्सिसमधला 'साहित्याचा आढावा' कसा लिहायचा यावर बोलू. तोवर तुमच्या विषयातलं असं एखादं ठाम वाक्य सापडलं तर मला जरूर कळवा.